पोटात बाळ, पायात बूट: गरोदरपणात व्यायाम कसा करावा

गरोदर बायकांना व्यायाम शिकवायला लागल्यापासून पहिल्या दिवशीचा पहिला प्रश्न बदललेला नाही. "मी भरभर चालले, वाकले, जिने चढले तर बाळाला धक्का बसेल का?" विचारणारी बरेचदा दिवसभर खुर्चीत बसून काम करणारी असते आणि घरी गेल्यावर तिला कुणी पाण्याचा पेलाही उचलू देत नाही. धक्क्याचं उत्तर सोपं आहे. सुरुवातीचे जवळपास १२ आठवडे गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत असतं. पुढे ते वर येतं, पण तेव्हाही बाळ गर्भजलात तरंगत असतं आणि भोवती जाड स्नायूंची भिंत असते. चालण्याच्या हादऱ्यांनी त्याचं काही बिघडत नाही. चालताना बाळ गप्प असतं आणि आपण आडवं झालो की लाथा सुरू होतात, हे तर बऱ्याच जणी स्वतःच सांगतात.

मनातली मोठी भीती वेगळी असते आणि ती सहसा वर्ग संपल्यावर, बाकीच्या गेल्या की हळूच बाहेर येते. व्यायामाने गर्भपात होईल का? गर्भारपण सुरळीत असेल तर मध्यम व्यायामाने गर्भपाताचा धोका वाढतो असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भपातांचं कारण गुणसूत्रांमधला दोष असतं. तो गर्भ रुजतानाच ठरलेला असतो. आधीच्या खेपेला गर्भ पडला असेल आणि आपण जिना चढलो म्हणून असं झालं असं वाटत असेल, तर तो दोष कृपा करून स्वतःकडे घेऊ नका.

भीतीला थोडा इतिहासही आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ साली नियम काढला होता की गरोदर स्त्रीच्या नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत आणि दमवणारा व्यायाम १५ मिनिटांपेक्षा जास्त नको. १९९४ मध्ये त्याच संघटनेने ही मर्यादा काढून टाकली. मात्र १४० चा आकडा अजून तोंडोतोंडी फिरतोच आहे. आज जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस अशी की ज्यांना वैद्यकीय अडचण नाही त्यांनी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा.

व्यायाम करायचा की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरतं. किती करायचा हे मात्र रोज नव्याने ठरवायचं असतं आणि ते ठरवताना घड्याळापेक्षा आपल्या धापेकडे बघायचं असतं. पुढचं सगळं याच दोन गोष्टींभोवती आहे.

पायरी पहिली: आधी विचारा, मग बूट घाला

पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सरळ विचारा, "मला व्यायाम करायला हरकत आहे का, आणि असेल तर कशामुळे?" दुसरा भाग विसरू नका. "जपून राहा" हे उत्तर नव्हे. जपायचं म्हणजे नेमकं काय, ते कळायला हवं.

पुढचं काही असेल तर व्यायामाचा कार्यक्रम नको:

- गर्भजलाची पिशवी फुटलेली असणं किंवा मुदतीआधी कळा सुरू होणं
- कारण न सापडलेला, सुरूच राहिलेला रक्तस्राव
- २८ आठवड्यांनंतरही वार (प्लॅसेंटा, म्हणजे बाळाला आईकडून पोषण पोचवणारा अवयव) गर्भाशयाच्या तोंडावर असणं
- गर्भाशयाचं तोंड सैल असणं
- प्रीएक्लाम्पसिया, म्हणजे रक्तदाब वाढून मूत्रपिंडं, यकृत अशा अवयवांवर ताण येणं
- बाळाची वाढ खुंटलेली असणं
- पोटात तिळी किंवा त्याहून जास्त बाळं असणं
- आटोक्यात नसलेला टाइप १ मधुमेह, रक्तदाब किंवा थायरॉइड, आणि हृदय वा फुप्फुसांचा गंभीर आजार

यांतल्या कुणालाही घरातल्या घरात चालणं-फिरणं, अंघोळ, हलकी कामं सहसा चालू ठेवता येतात. बंद असतो तो मुद्दाम केलेला व्यायाम.

दुसरा गट "करा, पण डॉक्टरांशी बोलून आणि बेताने" असा आहे. वारंवार गर्भपात झालेले असणं, आधीचं बाळ मुदतीआधी आलेलं असणं, गरोदरपणात रक्तदाब वाढलेला असणं, चक्कर-धाप आणणारा ॲनिमिया, वजन फार कमी असणं, आणि जुळी असतील तर २८ आठवड्यांनंतरचा काळ. ॲनिमियाबद्दल विशेष सांगते, कारण तो सर्रास दिसतो आणि सर्रास दुर्लक्षिला जातो. हिमोग्लोबिन कमी असताना लागणारी धाप व्यायामाच्या सवयीने जात नाही. आधी लोह भरून काढा.

इथेच बेडरेस्टचा विषय काढायला हवा. "पूर्ण आराम" सांगितला की घरच्यांना हायसं वाटतं. पण निव्वळ पडून राहिल्याने मुदतीआधीचं बाळंतपण टळतं असा पुरावा नाही. त्याउलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायू आणि हाडं कमजोर होतात, मन खचतं. डॉक्टरांनी आराम सांगितला असेल तर तो मोडू नका. मात्र कारण काय, किती दिवस, उठून काय काय करू शकते, हे तीन प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

अंगात काय चाललंय ते समजून घ्या

गरोदरपण हाच एक लांबलचक व्यायाम आहे. रक्ताचं प्रमाण जवळपास निम्म्याने वाढतं, हृदय दर मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त रक्त ढकलतं आणि नुसतं बसलेलं असतानाही नाडी मिनिटाला १० ते २० ठोके जास्त पडते. प्रोजेस्टेरॉनमुळे श्वास खोल होतो, म्हणून अगदी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातही एक जिना चढल्यावर धाप लागते. पोट दिसतसुद्धा नाही आणि धाप लागते, याने अनेक जणी घाबरतात. हा फुप्फुसांचा दोष नाही, बदललेल्या हार्मोन्सचं काम आहे.

पुढे पोट वाढतं, शरीराचा तोल पुढे सरकतो, कमरेचा बाक वाढतो आणि सांध्यांचे बंध सैल होतात. अचानक वळणं, उड्या, एका पायावर झोक सांभाळणं हे म्हणूनच हळूहळू अवघड होतं. पाऊलही बदलतं. सूज येते, तळव्याची कमान थोडी खचते आणि जुने बूट चावू लागतात. सातव्या महिन्यात एक साइज मोठे बूट घेणं हा माझ्या दृष्टीने औषधाइतकाच महत्त्वाचा खर्च आहे.

आणखी एक बदल लक्षात ठेवा. साधारण २० आठवड्यांनंतर उताणं पडलं की जड गर्भाशय पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर दाबलं जातं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, गरगरतं, मळमळतं. काही मिनिटं उताणं पडल्याने आकाश कोसळत नाही, पण तेव्हापासून जमिनीवरचे व्यायाम कुशीवर, बसून, उभ्याने किंवा हात-गुडघ्यांवर करावेत. गरगरलंच तर डाव्या कुशीवर वळा. बहुतेकींना मिनिटभरात बरं वाटतं.

बाळापर्यंत काय पोचतं

व्यायामात रक्त हात-पायांच्या स्नायूंकडे वळतं, मग गर्भाशयाला कमी पडतं का? मध्यम व्यायामात थोडा काळ थोडं कमी पडतं. शरीर ते भरून काढतं. वार त्या रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घेते आणि आईचं रक्त व्यायामात किंचित घट्ट होत असल्याने त्यातून प्राणवायूही जास्त वाहून नेला जातो. बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १० ते ३० ने वाढतात आणि आई थांबली की पूर्वपदावर येतात. हा साधा प्रतिसाद आहे, त्रासाची खूण नाही.

नियमित व्यायामाचा परिणाम याहून रंजक आहे. अमेरिकेतले डॉक्टर जेम्स क्लॅप यांनी धावणाऱ्या आणि व्यायाम करणाऱ्या गरोदर स्त्रियांचा कित्येक वर्षं अभ्यास केला. गरोदरपणाच्या सुरुवातीपासून नियमित मध्यम व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये वारेची वाढ जास्त चांगली दिसली. थोडक्यात, अधूनमधून थोडी टंचाई जाणवली की शरीर पुरवठ्याची व्यवस्थाच वाढवून ठेवतं.

याला वरची मर्यादाही आहे. २०१२ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी ऑलिम्पिक दर्जाच्या सहा गरोदर खेळाडूंना २३ ते २९ आठवड्यांच्या दरम्यान ट्रेडमिलवर पळवून बाळाचे ठोके मोजले. आईची नाडी तिच्या कमाल नाडीच्या ९० टक्क्यांच्या वर गेली आणि गर्भाशयाकडचा रक्तप्रवाह निम्म्याहून खाली आला, तेव्हा बाळाचे ठोके मंदावले. आई थांबल्यावर ते लगेच पूर्ववत झाले. सहा जणींवरून सगळ्या जगाचा नियम काढता येत नाही, पण जीव तोडून पळण्याची जागा गरोदरपणात नाही, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

दुसरी मर्यादा उष्णतेची. पहिल्या दीड महिन्यात बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी बंद होत असते आणि तेव्हा आईच्या शरीराचं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या वर जाणं धोक्याचं मानलं जातं. मध्यम व्यायामाने ते सहसा तिथवर पोचत नाही. तापवलेल्या खोलीतला योग, सौना, गरम पाण्याचा टब आणि भर उन्हातली धावपळ यांनी पोचू शकतं. अंगात ताप असताना व्यायामाला सरळ सुट्टी.

फायद्यांचे आकडे आता ऐका. कॅनडातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा केवळ व्यायाम करणाऱ्यांमध्ये गरोदरपणातला मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि प्रीएक्लाम्पसिया या तिन्हींची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळली. शक्यता किमान पाव भागाने घटावी यासाठी लागणारी मात्रा त्यांनी काढली ती आठवड्याला साधारण १४० मिनिटं भरभर चालण्याएवढी. जागतिक आरोग्य संघटनेचा १५० चा आकडा याच्या शेजारीच बसतो. जन्मतः ४ किलोंहून जड बाळाची शक्यताही घटते आणि गंमत म्हणजे त्याच वेळी कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण वाढत नाही. मुदतीआधीच्या बाळंतपणाचं प्रमाणही वाढत नाही. उदासपणाची लक्षणं कमी होतात. आईला लगेच जाणवतात ते याहून छोटे फायदे: झोप लागते, पोट साफ होतं, कंबर कमी दुखते. व्यायामाने बाळ हुशार होतं वगैरे दावे ऐकाल. त्यांच्या नादी न लागता चालायला निघालात तरी पुरे आहे.

पायरी दुसरी: मोजमाप शिका

नाडी मोजण्याचं घड्याळ घेतलंत तर हौस म्हणून घ्या. गरोदरपणात नाडीच बदललेली असते, त्यामुळे तिच्यावरून व्यायामाचा जोर नीट कळत नाही. बोलून पाहा. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं सहज जमत असेल तर वेग वाढवा. वाक्य अर्ध्यावर तुटत असेल तर कमी करा.

ज्यांना आकडा हवाच असतो त्यांच्यासाठी ६ ते २० ची एक मोजपट्टी आहे. ६ म्हणजे स्वस्थ बसलेलं आणि २० म्हणजे जीव जाईल असं वाटणं. आपला मुक्काम १३-१४ ला, म्हणजे "जरा जड जातंय पण चालू ठेवता येईल" असा.

या मोजमापाचा फायदा असा की ते तुमच्यासोबत बदलतं. पाचव्या महिन्यात ज्या वेगाला गप्पा मारता येत होत्या त्याच वेगाला आठव्या महिन्यात धाप लागेल. तुम्ही मागे पडलेल्या नसता, ओझं वाढलेलं असतं. अमेरिकन धावपटू अलिशिया मोंटॅन्यो २०१४ मध्ये ३४ आठवड्यांची गरोदर असताना राष्ट्रीय स्पर्धेत ८०० मीटर धावली आणि तिचा फोटो जगभर गेला. वेळ होती २ मिनिटं ३२ सेकंद. तिची स्वतःची सर्वोत्तम वेळ आहे १ मिनिट ५७ सेकंद. फोटो पाहून पळायला निघणाऱ्यांनी हा ३५ सेकंदांचा फरकही पाहावा. जन्मभर पळलेली बाईसुद्धा वेग उतरवते.

पायरी तिसरी: पहिले सहा आठवडे

आजवर काहीच केलेलं नसेल तर सुरुवात १५ मिनिटांपासून, आठवड्यातून तीन दिवस. तेवढंही जड गेलं तर पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे करा, तेही मोजले जातात. तिसऱ्या आठवड्यात २० मिनिटं, चार दिवस. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत ३० मिनिटं, पाच दिवस. हे झाले १५० मिनिटं. एखादा आठवडा उलट्यांत गेला तर मागचं भरून काढायला जाऊ नका. जिथे थांबलात त्याच्या एक पाऊल मागून पुन्हा सुरू करा.

आधीपासून पळणाऱ्या, पोहणाऱ्या, वजनं उचलणाऱ्या बायकांना आपला व्यायाम बहुतेक वेळा चालू ठेवता येतो. त्यांची अडचण उलटी असते, त्यांना कमी करवत नाही. वजन उचलताना श्वास रोखून जोर लावणं थांबवा आणि सहज दहा-बारा वेळा उचलता येईल एवढंच वजन घ्या.

पोहणं येत असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. पाणी पोटाचा भार उचलतं आणि पाण्याच्या दाबाने पायांत साचलेला द्रव परत रक्तात ओढला जातो, सूज उतरते. स्थिर सायकलही उत्तम, पडायची भीती नाही.

ढकलाढकलीचे खेळ, घोडेस्वारी, स्कीइंग, जिम्नॅस्टिक्स आणि जिथे उंचावरून पडू शकतो असं काहीही टाळा. स्कूबा डायव्हिंग पूर्ण बंद, कारण वर येताना रक्तात तयार होणारे वायूचे बुडबुडे बाळाची फुप्फुसं गाळून काढू शकत नाहीत. समुद्रसपाटीला राहणाऱ्यांनी २,५०० मीटरच्या वर जाऊन व्यायाम करू नये.

पायरी चौथी: अर्ध्या तासाचं एक सत्र

निघण्याआधी तासभर काहीतरी हलकं खाल्लेलं असू द्या. रिकाम्या पोटी साखर पटकन खाली जाते. पाणी जवळ ठेवा. लघवीचा रंग फिकट असेल तर पाणी पुरेसं जातंय.

पहिली पाच मिनिटं अंग मोकळं करायला: संथ चालणं, खांदे मागे फिरवणं, घोटे गोल फिरवणं, कंबर दोन्ही बाजूंना हळू वर्तुळात नेणं. मग पंधरा मिनिटं गप्पांच्या वेगाने चालणं. सपाट रस्ता, पुढे नजर, आणि पोट पुढे टाकून मागे न झुकता ताठ. शेवटची दहा मिनिटं ताकदीच्या व्यायामांना द्या. ती बहुतेक जणी गाळतात आणि पुढे बाळ कडेवर घ्यायची वेळ आली की पाठ धरून बसतात.

खुर्चीतून उठ-बस करा. खुर्ची भिंतीला टेकवा, पाय खांद्यांएवढे फाकवा, उठताना श्वास सोडा, बसताना घ्या. दहा वेळा. मग भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून तळवे भिंतीवर टेकवा, कोपरं वाकवत छाती भिंतीकडे न्या आणि श्वास सोडत परत ढकला, पुन्हा दहा वेळा. खुर्चीची पाठ धरून टाचा उचला, पंधरा वेळा. रात्री पोटरीत गोळा येणाऱ्यांना याचा आणि नंतरच्या पोटरी ताणण्याचा आधार वाटतो. शेवटी हात-गुडघ्यांवर या आणि मार्जारासनासारखी पाठ श्वासाबरोबर वर उचला, मग पुन्हा सपाट करा. खाली लोंबू देऊ नका. दिवसभराच्या कंबरदुखीवर हा एवढा व्यायाम पुष्कळ काम करतो. पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्याचा एकच फेरा, नंतर दोन.

उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा, तंबूच्या कण्यासारखी उभी रेघ वर येताना दिसली तर समजा की तो व्यायाम सध्या पोटाच्या स्नायूंना झेपत नाही. तो सोडा. उताणं पडून डोकं-खांदे उचलायचे व्यायाम तर गरोदरपणात नकोतच. अंथरुणातून उठतानाही आधी कुशीवर वळा आणि हाताच्या आधाराने उठा.

योग करत असाल तर पोट दाबणारी, पिळणारी आसनं, पोटावर झोपून करायची आसनं, डोक्यावरची आसनं आणि श्वास कोंडणारे प्राणायाम बाजूला ठेवा. अंगात मूळचाच सैलपणा असल्याने ताण नेहमीपेक्षा सहज जातो. कुणी कौतुक केलं म्हणून आणखी खाली जाऊ नका.

न दिसणारे स्नायू

ओटीपोटाचा तळ तोलून धरणारे स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचं वजन पेलतात. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये त्यांच्या व्यायामावर लिहिलं, म्हणून त्यांना केगल व्यायाम म्हणतात. गरोदरपणातच ते सुरू केले तर बाळंतपणानंतर शिंकताना, हसताना लघवी निसटण्याचा त्रास कमी होतो.

लघवी आणि वायू एकाच वेळी रोखून धरतोय असं समजून आत आणि वर ओढा. मांड्या, नितंब, पोट ढिलं राहू दे, श्वास चालू राहू दे. पाच सेकंद धरा, पाच सेकंद सोडा. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. जमलं की धरण्याचा वेळ दहा सेकंदांपर्यंत न्या. प्रत्यक्ष लघवी करताना थांबवून पाहायचा नाद लावू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते. आणि सोडणं हे धरण्याइतकंच मन लावून करा, कारण बाळ बाहेर येताना हे स्नायू सैल सोडावे लागतात.

महिने सरतील तसतसं

पहिल्या तिमाहीत शत्रू एकच, थकवा. उलट्या होत असतील तर दहा मिनिटांचं चालणंही बास. दुसऱ्या तिमाहीत बहुतेकींना तरतरी येते, खरी सवय लावायचा काळ हाच. या सुमारास रोज साधारण ३४० कॅलरी जास्त लागतात आणि तिसऱ्या तिमाहीत ४५० च्या आसपास. दोन माणसांचं जेवण लागत नाही, पण व्यायाम करून उपाशी राहणंही चालत नाही. गरोदरपण हा वजन उतरवायचा काळ नाही. आधीचं वजन प्रमाणात असेल तर नऊ महिन्यांत साडेअकरा ते १६ किलो वाढ योग्य मानतात.

तिसऱ्या तिमाहीत वेळ तोडा, वारंवारता ठेवा. एका दमात तीस मिनिटं जमत नसतील तर सकाळी पंधरा, संध्याकाळी पंधरा. जांघेत किंवा ओटीपोटाच्या पुढच्या हाडाशी दुखत असेल तर लांब पावलं टाकू नका, कपडे बसून घाला, एका पायावर उभं राहणं टाळा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. "गरोदरपणात दुखतंच" म्हणून सोसायचं हे दुखणं नाही.

गरोदरपणातला मधुमेह निघाला असेल तर चालणं औषधासारखं मोजून वापरा. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर उचलतो. म्हणून प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० ते १५ मिनिटं चाला, जेवणानंतरची साखर कमी चढते. इन्सुलिन घेत असाल तर व्यायामाच्या आधी आणि नंतर साखर तपासा, आणि काहीतरी गोड जवळ ठेवा.

लगेच थांबा

योनीतून रक्त किंवा पाणी येणं, ठरावीक अंतराने दुखऱ्या कळा येणं, छातीत दुखणं, व्यायाम सुरू करण्याआधीच धाप लागणं, विश्रांतीनंतरही न जाणारी चक्कर, जोराची डोकेदुखी, तोल जाईल असा अशक्तपणा, एकाच पोटरीत दुखणं वा सूज. यांतलं काहीही झालं तर थांबा आणि डॉक्टरांना फोन करा, उद्यावर ढकलू नका. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर तेही याच यादीत धरा, मग व्यायाम केलेला असो वा नसो.

पोट अधूनमधून घट्ट होऊन, न दुखता सैल पडणं मात्र शेवटच्या महिन्यांत चालायचंच. चालताना झालं तर वेग कमी करा, पाणी प्या, बसा. थांबत नसेल किंवा ठरावीक वेळाने परत येत असेल तर ते वरच्या यादीत गेलं.

बाळंतपणानंतर

साध्या बाळंतपणानंतर बरं वाटू लागलं की खोलीतल्या खोलीत चालणं आणि केगल सुरू करता येतात. सिझेरियन झालं असेल तरी उठून चालणं लवकर सुरू करतात, गुठळ्या होऊ नयेत म्हणून. पण पोटाचे थर भरून यायला वेळ लागतो. पहिले काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका आणि जोराच्या व्यायामाला सहा आठवड्यांच्या तपासणीनंतरच हात घाला. चालणं वाढवल्यावर रक्तस्राव वाढला किंवा पुन्हा लालभडक झाला तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून दोन दिवस मागे या, आणि तरी कमी झाला नाही तर दाखवा. मध्यम व्यायामाने दूध कमी होत नाही, त्याचा कसही जात नाही. बाळाला पाजून निघालात तर छाती हलकी राहते, एवढाच त्यातला सोयीचा भाग.

पळायला परतण्यासाठी किमान १२ आठवडे थांबावं असं २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी सुचवलं. त्याआधी अर्धा तास भरभर चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं आणि जागच्या जागी मिनिटभर पळणं हे दुखल्याशिवाय, लघवी न निसटता आणि खाली काही उतरल्यासारखं न वाटता जमलं पाहिजे. जमलं की एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं असे पाच-सहा फेरे, एक दिवसाआड. खाली जडपणा जाणवला तर पळणं सोडून पुन्हा चालण्यावर या, आणि आठवड्याभराने परत करून पाहा.